शस्त्रधारी नोकरी व मद्यपी वाहनचालन

शस्त्रधारी नोकरी व मद्यपी वाहनचालन : मद्य प्राशन करून मोटार वाहन चालविल्याबद्दल फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेल्या व्यक्तीच्या, अग्निशस्त्राशी निगडित असलेल्या नोकरीवर होणारे कायदेशीर परिणाम. पोलीस, तुरुंग व निमलष्करी दले, सैन्यदले, बँका व खाजगी सुरक्षा अभिकरणे यांतील पहारेकरी हे या विषयाच्या कक्षेत येतात. एका दोषसिद्धीने माणसाची बंदूक व नोकरी दोन्ही आपोआप जातात, हा समज जितका चुकीचा आहे, तितकाच दंड भरला की प्रकरण संपले हाही समज चुकीचा आहे. भारतीय कायद्यात या प्रश्नाला एकच माप नाही. एका कायद्यात प्रत्यक्ष भोगावयास मिळालेली शिक्षा पाहिली जाते, दुसऱ्यात अपराधास विहित असलेली कमाल शिक्षा, तर तिसऱ्यात केवळ दोषसिद्धीची नोंद. त्यामुळे एकाच रात्रीच्या एकाच कृत्याचे परिणाम, संबंधित व्यक्ती कोणाच्या चाकरीत आहे यानुसार, अगदी भिन्न होतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात हा विषय केवळ ग्रंथगत नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेल्या या जिल्ह्यात परवान्याच्या बंदुका प्रामुख्याने दोन प्रकारच्या माणसांकडे आढळतात : नारळी-पोफळीच्या बागा, काजूची लागवड व भातशेती यांचे रानडुकरे आणि माकडे यांपासून रक्षण करू पाहणारे शेतकरी, आणि सैन्यातून निवृत्त होऊन बँकेच्या वा एखाद्या आस्थापनेच्या दारावर उभे राहणारे माजी सैनिक. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर सागरी पोलीस व्यवस्थेला विशेष महत्त्व आले आणि विजयदुर्ग, निवती यांसारख्या किनाऱ्यावरील ठाण्यांतील बंदोबस्ताचे काम वाढले. दुसऱ्या बाजूस जिल्ह्याची दक्षिण सीमा गोव्याला लागून आहे. तेथे मद्य महाराष्ट्राच्या मानाने स्वस्त असून बांदा, इन्सुली व दोडामार्ग या बाजूंनी वाहनांची ये-जा अखंड चालू असते. सणासुदीस व वर्षअखेरीस नाकाबंदी होते आणि श्वासविश्लेषक यंत्रासमोर जे उभे राहतात, त्यांत कधी कधी ज्यांच्या चरितार्थाचा आधार बंदूक आहे अशी माणसेही असतात. गोव्यातील पेडणे किंवा म्हापसा येथील न्यायालयात झालेली शिक्षा महाराष्ट्रात मोजली जात नाही, अशी एक समजूत ऐकू येते. तिला आधार नाही. मोटार वाहन अधिनियम हा केंद्रीय कायदा आहे व त्याखालील दोषसिद्धी देशभर दोषसिद्धीच असते.

अपराधाचे स्वरूप : मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८५ अन्वये, वाहन चालविताना अथवा चालविण्याचा प्रयत्न करताना ज्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळतो, तो अपराधी ठरतो. ही मर्यादा १९९४ च्या दुरुस्तीने आली. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीपासून विहित आहे. तीपूर्वी पहिल्या अपराधाचा दंड दोन हजार रुपयांपर्यंत होता. वाहन दुचाकी आहे की मालमोटार, हे गौण आहे. मात्र मोटार वाहनाची व्याख्या रस्त्यावर चालण्यायोग्य वाहनापुरतीच असल्याने मच्छीमारांच्या यांत्रिक नौका आणि मालवण-तारकर्ली येथील पर्यटकांच्या बोटी या कलमाच्या बाहेर राहतात.

हा अपराध शिरस्त्राण न घालण्यासारखा जागेवरच तडजोड शुल्क भरून मिटविता येत नाही. आरोपीस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उपस्थित राहावे लागते आणि बहुतेकांची गफलत येथेच होते. कामाचा खाडा वाचावा म्हणून पहिल्याच तारखेस गुन्हा कबूल करून दंड भरला जातो. रक्कम भरून मिळालेली पावती ही साध्या दंडाची पावती आहे, अशी त्या व्यक्तीची कल्पना असते. प्रत्यक्षात कबुलीवरून दिलेला निर्णय हीदेखील पूर्ण दोषसिद्धीच असते व पुढे प्रत्येक चारित्र्य पडताळणीत ती उघड करावी लागते.

पुराव्याच्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून दोन तासांच्या आत तपासणी व्हावी लागते. तशी न झाल्यास तिला सोडावे लागते. तोंडास येणारा वास, अडखळते बोलणे व डगमगती चाल एवढ्यावरून मद्यप्राशन निःसंशय सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात म्हटले होते. महाराष्ट्रात याच घटनेवर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हाही लागू होऊ शकतो. त्या कायद्यान्वये परवान्यावाचून मद्यसेवन हा स्वतंत्र अपराध असून रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०·०५ टक्क्यांहून कमी नसेल, तर ते मद्य निषिद्ध नव्हते हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणजे वाहनचालकास ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणि दारूबंदीच्या या तरतुदीस ५० मिलिग्रॅमची, अशा दोन मोजपट्ट्या एकाच महामार्गावर चालतात [⟶ दारूबंदी]. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करण्याचा अपराध याहून वेगळा व सौम्य आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये त्यास २४ तासांपर्यंत साधा कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. कोणत्या कलमाखाली दोष सिद्ध झाला, हे निकालपत्रात पाहिल्यावाचून नोकरीवरील परिणामाविषयी काहीही सांगता येत नाही.

शस्त्र परवाना : शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ९ मध्ये काही व्यक्तींना अग्निशस्त्र बाळगण्यास सरसकट मनाई आहे. हिंसा अथवा नैतिक अधःपतन यांचा अंतर्भाव असलेल्या अपराधाबद्दल ज्यास कारावासाची शिक्षा झाली, त्यास ती शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. या मनाईसाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : अपराध त्या जातीचा असला पाहिजे आणि कारावास प्रत्यक्ष ठोठावलेला असला पाहिजे. दहा हजार रुपये दंडावर सुटलेला मद्यपी चालक या कलमाच्या कचाट्यात येत नाही. चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून देण्याचा आदेश ज्याच्यावर झाला आहे, त्यास मात्र बंधपत्राच्या मुदतीत हीच मनाई लागू होते. वारंवार दारू पिऊन दंगा करणाऱ्यांच्या बाबतीत या मार्गाने परवाना जाण्याची शक्यता अधिक असते.

नैतिक अधःपतन म्हणजे काय, याची व्याख्या शस्त्र अधिनियमात नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९६३ साली त्यासाठी तीन कसोट्या सुचविल्या : कृत्याने समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीला धक्का बसतो काय, त्यामागील हेतू नीच आहे काय, आणि त्यामुळे करणारा माणूस समाजात हीन प्रवृत्तीचा मानला जाईल काय. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात, अश्लील वर्तनाच्या कलमाखाली वीस रुपये दंड झालेल्या कर्मचाऱ्याची नोकरी घालविणे अयोग्य ठरविताना, प्रत्येक अपराध हा अधःपतनाचा नसतो असे स्पष्ट केले. किरकोळ दंडाच्या शिक्षेने सरकारी नोकरीस बाध येऊ नये, यासाठी संसदेने विचार करावा असेही सुचविले. या कसोट्या लावल्यास, कोणास इजा न होता केवळ मर्यादेपेक्षा अधिक मद्यार्क आढळलेल्या चालकास अधःपतित म्हणणे अवघड आहे. अपघातात मनुष्यहानी झाली की चित्र पालटते. मुंबईतील कार्टर रस्त्यावर २००६ साली पदपथाकडेला झोपलेल्या सात जणांचा मृत्यू ओढवलेल्या प्रकरणात चालकाने मद्यप्राशन केले होते. सदोष मनुष्यवधाबद्दलची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. तशा दोषसिद्धीनंतर शस्त्र परवान्याचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

कलम ९ लागू नसले, तरी परवान्याचे दार पूर्ण उघडे नसते. कलम १४ अन्वये अर्जदार कोणत्याही कारणास्तव परवान्यास अपात्र आहे असे वाटल्यास किंवा सार्वजनिक शांतता अथवा सुरक्षितता यांसाठी आवश्यक असल्यास प्राधिकाऱ्यास परवाना नाकारता येतो. कलम १७ अन्वये दिलेला परवाना याच कारणांनी निलंबित अथवा रद्द करता येतो. या ‘कोणत्याही कारणास्तव’ शब्दांतच मद्यपी चालकाची खरी अडचण दडलेली आहे. सिंधुदुर्गात हा अधिकार ओरोस येथील जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असून ते पोलीस अहवालावर विसंबून असतात. अहवालात एका दंडाचा उल्लेख असणे व ‘अर्जदार मद्याच्या आहारी गेलेला आहे’ असा शेरा असणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यातून अपात्रता सिद्ध होत नाही, दुसऱ्यातून ती सहज निष्पन्न होते. नकाराची वा रद्द करण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. केवळ फौजदारी प्रकरण प्रलंबित असल्याच्या कारणावरून परवाना रद्द करण्याचे आदेश उच्च न्यायालयांनी वेळोवेळी रद्दही केले आहेत. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळची छाननी विरळ झाली असली, तरी अर्जातील दोषसिद्धीविषयक प्रश्न कायम आहे. माहिती दडवून परवाना मिळविला असेल, तर तेवढेच कारण तो रद्द करण्यास पुरते.

शेतीसंरक्षणाच्या परवान्याची कायदेशीर बाजू थोडी निराळी आहे. पिकांच्या प्रामाणिक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या नागरिकास तो द्यावा, असा कलम १३ चा रोख आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नसेल, तर गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवानाही देता येतो. अपात्रतेची कलमे येथेही लागू असली, तरी गरज सिद्ध करण्याचा भार नोकरदार पहारेकऱ्याच्या मानाने हलका असतो. अर्थात हा परवाना शिकारीचा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याची बंधने त्यावर असतातच. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करून घेण्याचे आदेश निघतात तेव्हा जामिनावर असलेल्या, गुन्ह्याची पूर्वपीठिका असलेल्या व पूर्वी दंगलीत सामील असलेल्या परवानाधारकांची प्रकरणे छाननी समितीपुढे प्राधान्याने येतात. मद्यपी वाहनचालनाची जुनी दोषसिद्धी ही ‘गुन्ह्याची पूर्वपीठिका’ ठरवावयाची की नाही, हे समितीच्या तारतम्यावर असते. शेतकऱ्याच्या बाबतीत परिणाम काही आठवडे बंदूक पोलीस ठाण्यात राहण्यापुरता असतो. स्वतःच्या बारा बोअरच्या बंदुकीवर नोकरी असलेल्या पहारेकऱ्यास सूट न मिळाल्यास तेवढ्या काळाचा रोजगारच धोक्यात येतो.

खाजगी सुरक्षा सेवा : सर्वांत कठोर शब्दयोजना आढळते ती खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ या कायद्यात. त्याच्या कलम १० (२) प्रमाणे, सक्षम न्यायालयाने दोषी ठरविलेल्या, तसेच सैन्यदल, पोलीस, शासकीय सेवा वा खाजगी सुरक्षा अभिकरण यांतून गैरवर्तन अथवा नैतिक अधःपतन या कारणांवरून बडतर्फ केलेल्या वा काढून टाकलेल्या व्यक्तीस सुरक्षा रक्षक वा पर्यवेक्षक म्हणून नेमता येत नाही. ‘दोषी ठरविलेल्या’ या शब्दांपुढे अपराधाचा प्रकार, शिक्षेची मर्यादा वा कालमर्यादा, काहीच नाही. शब्दशः अर्थ घेतल्यास वीस वर्षांपूर्वी मद्य पिऊन स्कूटर चालविल्याबद्दल दंड झालेला निवृत्त हवालदारही रक्षक म्हणून अपात्र ठरतो. ‘गैरवर्तन अथवा नैतिक अधःपतन’ ही शब्दावली दोषसिद्धीलाही लागू आहे, असा अर्थ काढून हा कडकपणा सौम्य करता येईल. वाक्याची रचना मात्र त्या अर्थाला फारशी अनुकूल नाही.

या कायद्यातील विसंगती मालक व रक्षक यांची तुलना केली म्हणजे उघड होते. अभिकरण चालविण्याचा परवाना मागणाऱ्या मालकास कलम ६ अन्वये तेव्हाच अपात्र धरले जाते, जेव्हा त्याच्या अपराधास दोन वर्षांहून कमी नसलेला कारावास विहित असतो. मद्यपी वाहनचालनाच्या पहिल्या अपराधास सहा महिनेच विहित असल्याने मालक सुखरूप राहतो. त्याच नाकाबंदीत त्याच्याबरोबर पकडला गेलेला त्याचा रक्षक मात्र नोकरीस मुकू शकतो. ज्याच्या हाती मनुष्यबळ, गणवेश व कंत्राटे आहेत त्याला सवलत आणि ज्याच्या हाती केवळ काठी आहे त्याच्यावर कायमची बंदी, ही योजना न्याय्य म्हणता येत नाही. अपात्र माणूस नेमल्यास अभिकरणास पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो व शिवाय परवाना निलंबित अथवा रद्द होऊ शकतो. म्हणून संदिग्ध अर्थाचा फायदा रक्षकास देण्यापेक्षा त्याला कामावरून कमी करण्याकडेच अभिकरणांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. हा अधिनियम रक्षक सशस्त्र आहे की निःशस्त्र, असा भेद येथे करीत नाही. परंतु निःशस्त्र रक्षकास दुसरे काम मिळण्याची शक्यता अधिक. बंदूक चालविणे एवढेच कौशल्य विकावयास असलेल्या माजी सैनिकाची कोंडी मोठी असते.

तोच माजी सैनिक बँकेने स्वतःच्या आस्थापनेवर नेमलेला असेल, तर माप बदलते. बँकेचा थेट नोकर हा अभिकरणाचा रक्षक नव्हे. त्यास बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ याचे कलम १० लागू होते आणि तेथे नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेल्या अपराधाबद्दल दोषी ठरलेल्यांनाच नोकरीची बंदी आहे. अशा रीतीने कणकवलीतील एखाद्या शाखेच्या एकाच दरवाजावर दिवसपाळीचा बँकेचा पहारेकरी व रात्रपाळीचा अभिकरणाचा पहारेकरी अशी दोन माणसे असतील आणि दोघांनाही एकाच अपराधाबद्दल सारखाच दंड झाला असेल, तर पहिल्याची नोकरी टिकण्यास कायद्याचा आधार मिळतो व दुसऱ्याच्या नोकरीस कायद्याचीच आडकाठी येते.

पोलीस व सैन्यदले : शासकीय सेवेतील नोकर दोषी ठरल्यास काय करावयाचे, हे संविधानाच्या अनुच्छेद ३११ (२) च्या परंतुकात आहे. ज्या वर्तनामुळे फौजदारी दोषसिद्धी झाली, त्याच वर्तनावरून बडतर्फी वा पदावनती करावयाची असल्यास खात्यांतर्गत चौकशीची गरज राहत नाही. यावरून बडतर्फी झालीच पाहिजे असा अर्थ निघत नाही. या संदर्भात १९७५ चे एक प्रकरण प्रसिद्ध आहे. केरळमधील ओलवकोड स्थानकात दारू पिऊन गैरवर्तन केल्याबद्दल एका रेल्वे कर्मचाऱ्यास न्यायालयाने दोषी ठरवून परिवीक्षेवर सोडले व रेल्वेने त्यास तेवढ्यावरून नोकरीतून काढले. दोषसिद्धी ही शिक्षेचे निमित्त होऊ शकते, पण शिक्षा किती द्यावयाची याचा विचार अधिकाऱ्याने करावयास हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची त्या निकालातील अट १९८५ च्या तुलसीराम पटेल प्रकरणातील निकालाने काढून टाकली. शिक्षेचे प्रमाण विचारपूर्वक ठरविण्याचे बंधन मात्र शाबूत आहे.

सशस्त्र दलातील माणसाकडून अपेक्षा अधिक कडक असते, हे २०२२ च्या एका निकालात दिसते. उत्तर प्रदेशच्या प्रांतीय सशस्त्र दलाच्या फतेहपूर येथील १२ व्या तुकडीतील एका चालकाने बंदोबस्तावरील जवानांची मालमोटार मद्याच्या अमलाखाली चालविली व दुसऱ्या वाहनास धडक दिली; त्याला बडतर्फ करण्यात आले. मोठी हानी झाली नाही हा केवळ योगायोग होता, चालकाच्या हाती इतरांचे प्राण होते, अशा आशयाचे मत देऊन न्यायालयाने गैरवर्तन गंभीर ठरविले. मात्र दीर्घ सेवा ध्यानात घेऊन बडतर्फीचे रूपांतर सक्तीच्या निवृत्तीत केले. बडतर्फी व सक्तीची निवृत्ती यांतील फरक निवृत्तिवेतनाचा आहे आणि मृत चालकाच्या कुटुंबाच्या दृष्टीने तोच निर्णायक होता. हे प्रकरण खात्याच्या चौकशीचे होते, फौजदारी दोषसिद्धीचे नव्हे. न्यायालयात निर्दोष सुटलेला शिपाईही खात्याच्या चौकशीत दोषी ठरू शकतो, कारण तेथे पुराव्याची इयत्ता हलकी असते.

सैन्यदलांत मद्यधुंदपणा हाच स्वतंत्र अपराध आहे. सेना अधिनियम, १९५० याच्या कलम ४८ अन्वये कामावर असो वा नसो, नशेत आढळलेल्या अधिकाऱ्यास पदच्युत करता येते. इतरांना दोन वर्षांपर्यंत, परंतु युद्धसेवेवर वा कामावर नसताना सहा महिन्यांपर्यंत, कारावास होऊ शकतो. सुटीवर गावी आलेल्या जवानाचे प्रकरण नागरी न्यायालयात निकाली निघाले, तरी त्याची वार्ता तुकडीस पोहोचते व सेवापुस्तकात तिचा ठसा उमटू शकतो. निवृत्तीच्या वेळी चारित्र्याविषयी मिळणारा शेरा हेच पहारेकऱ्याच्या नोकरीचे भांडवल असल्याने, या नोंदीचे मोल दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक असते.

भरती होऊ इच्छिणाऱ्या तरुणांच्या बाबतीत घात बहुधा मूळ अपराधाने होत नाही, तो लपविल्याने होतो. पोलीस वा निमलष्करी दलाच्या साक्षांकन नमुन्यात आजवरच्या अटकेची, खटल्याची व शिक्षेची माहिती विचारलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली याविषयीची तत्त्वे एकत्र मांडली : माहिती खरी असली पाहिजे, क्षुल्लक स्वरूपाच्या अपराधाची माहिती दडविली असल्यास नियोक्ता ती चूक क्षम्य मानू शकतो, माहिती प्रामाणिकपणे दिली असली, तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नियोक्त्याचा हक्क राहतो. मद्यपी वाहनचालन क्षुल्लक आहे की नाही, याचे उत्तर पदावर अवलंबून असते. लिपिकाच्या बाबतीत ते क्षुल्लक ठरू शकेल, पोलीस चालकाच्या बाबतीत ठरणे कठीण.

अन्य देशांतील पद्धती : ब्रिटनच्या १९६८ च्या अग्निशस्त्र अधिनियमात मनाईचा आधार प्रत्यक्ष शिक्षा हाच आहे. तीन महिने ते तीन वर्षे शिक्षा झालेल्यास पाच वर्षे व तीन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यास कायमची मनाई होते. परंतु प्रमाणपत्रधारक असंयमी सवयींचा असल्यास पोलीसप्रमुखास प्रमाणपत्र रद्द करता येते, असे तेथे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. भारतात हेच ‘कोणत्याही कारणास्तव’ या मोघम शब्दांत सामावलेले आहे. ब्रिटिश शब्दयोजना निदान अर्जदारास आपण कोणत्या आरोपाला उत्तर देत आहोत हे तरी सांगते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात विहित कमाल शिक्षा पाहिली जाते. तेथील राज्यांत मद्यपी वाहनचालनाची शिक्षा भिन्न असल्याने एका राज्यात शस्त्राचा हक्क अबाधित राहतो, तर पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात अतिमद्यपानाच्या दुसऱ्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास विहित असल्याने तो जातो. असा हक्क गमावलेल्या एका नागरिकाचा दावा तेथील संघीय अपील न्यायालयाने २०२० मध्ये अमान्य केला. त्यानंतर तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालामुळे हा सर्वच विषय पुन्हा वादात आला.

परिहाराचे मार्ग : भारतात प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी ठराविक वर्षांनंतर पुसली जावी, असा सर्वसाधारण कायदा नाही. बालकांच्या बाबतीत मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणून जे काही करावयाचे ते शिक्षेच्या दिवशीच करावे लागते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ याच्या कलम ३ खाली समज देऊन अथवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्यात आले, तर कलम १२ अन्वये दोषसिद्धीशी जोडलेली अनर्हता त्या व्यक्तीस लागत नाही. कलम १८५ मध्ये किमान कारावास बंधनकारक नसल्याने अशी विनंती न्यायालयास करता येते. ती मान्य करणे न करणे न्यायालयाच्या मर्जीचा भाग आहे. खाजगी अभिकरणातील रक्षकास हे कलम १२ विशेष उपयोगी आहे, कारण त्याच्या बाबतीत बंदी दोषसिद्धीलाच चिकटलेली असते. शासकीय नोकरास त्याचा उपयोग मर्यादित. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका शिपायाच्या प्रकरणात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कलम १२ कायद्याने येणारी अनर्हता दूर करते, मूळ गैरवर्तनाबद्दल खात्याने करावयाची कारवाई थांबवीत नाही. परिवीक्षेसाठी लिहून दिलेले बंधपत्र व शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ मधील बंधपत्र यांची गल्लत होऊ नये. दुसरे फौजदारी प्रक्रियेच्या प्रतिबंधक प्रकरणाखालील असते आणि शस्त्राची मनाई त्याच्याशी निगडित आहे. नूतनीकरणाच्या अर्जासोबत त्यामुळे न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडणे इष्ट असते. केवळ ‘बंधपत्रावर सोडले’ असा पोलीस अहवालातील उल्लेख अर्जदाराविरुद्ध वाचला जाण्याचा धोका असतो.